शिरगावच्या मांडवात बादशहाचा हिरा

ठमाबाई कर्णिकबाईंना पहिल्यांदा दिसली ती वर्गाच्या खिडकीतून, आणि तीही अर्धीच. कपाळावरच्या हिरव्या गोंदणापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. बाकीची ठमाबाई खिडकीखाली शाळेच्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. बदलापूर पूर्वेचं शिरगाव तेव्हा गावच होतं. भाताची खाचरं शाळेच्या कुंपणाला येऊन टेकायची, आणि मागच्या ओट्यावर दुपारची सावली चांगली पडते म्हणून बायका तिथे कामं घेऊन बसायच्या. मुख्याध्यापकांनी त्यांना हाकलायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

साल त्र्याऐंशी असावं. जेवणानंतरचा तास, सातवीचा वर्ग, आणि मोगल दरबाराचा धडा. मुलांच्या माना डुलू लागल्या तसं कर्णिकबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या एका हिऱ्याची गोष्ट सांगू लागल्या. गोवळकोंड्याच्या राज्यातल्या खाणीत सापडलेला हा हिरा मीर जुमला नावाच्या सरदाराने शहाजहान बादशहाला नजर केला. लोक पुढे त्याला 'थोर मोगल' म्हणू लागले. औरंगजेबाच्या दरबारात एका फ्रेंच जवाहिऱ्याने तो हातात घेऊन पाहिला आणि लिहून ठेवलं, की अंडं मधोमध कापून ठेवावं तसा हा दिसतो.

"बाय, अंडा कोंबरीचा का बदकाचा?"

वर्ग खडबडून जागा झाला. खिडकीत ती अर्धी ठमाबाई उभी होती.

बाई रागावल्या नाहीत. प्रश्न रास्त होता. "कोंबडीचं असावं," त्या म्हणाल्या.

"असावं कंला? त्यानं लिवला नाय?"

"नाही लिहिलं."

"मंग र्‍हाऊदे. सांग की पुढं."

पुढे नादिरशहाने दिल्ली लुटली, आणि त्या लुटीनंतर हिऱ्याचा पत्ता लागला नाही, असं बाईंनी सांगितलं. कोणी म्हणतात तो रशियाच्या राजदंडात आहे, कोणी म्हणतात कोहिनूर तोच. पण छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. हिरा हरवला तो हरवलाच.

"लुटीन काय हरवत नाय," ठमाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाली. "लुटीन नुसतं घर बदलतं. तो कोनाचे तरी घरान हाय."

तेवढ्यात घंटा झाली. हिऱ्याची बरीच गोष्ट सांगायची राहून गेली. पुढच्या तासाला बाईंना शिवाजी महाराजांकडे वळायचं होतं.

ही बाई कोण, हे बाईंना मुलांकडून कळलं. ठमाबाई धवलारीण होती. आगरी लग्नात जुन्या रीतीने भटजीचं काम धवलारीण करते. ती मांडवात बसून धवले गाते, देवांना आणि पूर्वजांना आवतण देते, हळद लावते, नवरा-नवरीला एकत्र आणते. मंत्रांच्या जागी तिचं गाणंच. शिरगावपासून वांगणीपर्यंत कितीतरी संसार ठमाबाईच्या गळ्यातून सुरू झाले होते. अंगाने ती बुटकी, हाताने भरभर, आणि आवाज असा की शेताच्या त्या टोकाच्या गायीने मान वर करून बघावं.

तिच्या धवल्यात जुनं असायचं तेवढंच नवंही असायचं. जे कानावर पडेल ते ती गाण्यात घालायची. नवरदेवाचा घोडा एका लग्नात स्कूटर झाला होता. एका नवरीच्या मांडवाला तिने विजेचा पंखा लावून दिला, तो गावात वीज यायच्या आधी. एरवीच्या बोलण्यात ती लोकांना फसवायला मागेपुढे पाहत नसे. कर्णिकबाईंना तिने एकदा गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की बारवीच्या धरणातले मासे रविवारी तळाशी जातात, कारण त्या दिवशी मुंबईचे लोक गळ घेऊन येतात. बाईंनी ते दोन आठवडे खरं धरलं होतं. पण मांडवात बसली की ठमाबाईचा एक दंडक होता, तिच्या आईकडून आलेला. गायलेलं मागे घ्यायचं नाही.

"मांडवान देव बसलेलं असतान," ती सांगायची. "त्यांचे म्होरं बोललेला शबुद पुसाचा नाय. चुकला तं पुढं गावाचा नि सरल कराचा."

बाईंना हे फार आवडलं. पुढची काही वर्षं दोघी त्याच ओट्यावर भेटत राहिल्या. बाई वह्या तपासायच्या आणि ठमाबाई शेंगा, सुकट, चिंचा, जे हाती असेल ते निवडायची. अधूनमधून ती हिऱ्याची चौकशी करायची, जशी एखाद्या दूर गेलेल्या भाच्याची करावी. "घावला का गो तो?" नाही, बाई म्हणायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात गावातल्या हरिचंद्राच्या लेकीचं, वनिताचं लग्न ठरलं. ही वनिता त्या सातवीतलीच, तिसऱ्या बाकावर बसून खिदळणारी. दहावी झाली, आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या शिवरामशी तिची ओळख झाली. ओळख कशी झाली हे घरात कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मुलगा चांगला होता. जरा विचार करावा असं काही असेल तर ते मुलाचे वडील होते.

महिपतीशेठचे टेंपो होते. उल्हासनगरच्या बाजारातला माल ते कल्याण-ठाण्यापर्यंत पोचवायचे. सिंधी व्यापाऱ्यांत ऊठबस असल्याने त्यांच्या तोंडी दर वाक्याला 'साईं' यायचं, आणि अंगावर मे महिन्यातसुद्धा सफारी सूट असायचा. माणूस वाईट नव्हता. हुंडा नको, मानपान नको, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, आणि तसं सांगितल्याचं चार गावांत सांगून ठेवलं होतं. त्यांना एकच हौस होती. आपल्याकडचं जे काही असेल ते एकदम ओरिजनल असावं.

मांडवाच्या दिवशी दुपारी नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडची मंडळी आली, आणि त्यांच्यासोबत, रीत नसताना, खुद्द महिपतीशेठही आले. मांडव कसा घातलाय ते बघायचं होतं. कर्णिकबाई बायकांच्या घोळक्यात, हळद दळायच्या जात्याच्या शेजारी बसल्या होत्या. व्याही आलेले पाहून हरिचंद्र गडबडला. त्याचं घर साधं, मांडवही साधाच, आंब्याच्या टहाळ्यांचा. महिपतीशेठ खुर्चीवर बसून खांब मोजावेत तसे इकडेतिकडे पाहू लागले.

ठमाबाईने ते पाहणं पाहिलं. बाईंना तिची ती नजर ओळखीची होती. धरणातल्या माशांच्या वेळी ती अशीच दिसली होती.

तिने देवांना बोलावलं, गावदेवीला बोलावलं, हरिचंद्राच्या मिठागरवाल्या पणज्याला बोलावलं, आणि मग धवला अचानक दिल्लीच्या वाटेला लागला.

"गोवलकोंड्याचे खानीन गो, दगर निंगाला उजेराचा,
अर्धे अंड्यायेवरा हिरा गो, बादशाचे मुठीन मावंना..."

कर्णिकबाईंनी मान वर केली. हळदीत माखलेल्या वनितानेही केली. दोघींची नजरानजर झाली आणि वनिताने पदर तोंडात कोंबला.

हिरा धवल्यात मजेत प्रवास करू लागला. नादिरशहाने दिल्ली लुटली, हिरा खोगिरात ठेवला, खोगिराचा टाका उसवला, हिरा नदीत पडला. कोणत्या नदीतून कोणत्या नदीत गेला हे भूगोलाच्या शिक्षकांना विचारायला हवं, पण शेवटी तो उल्हास नदीत आला, पुराने चढला, एका खेकड्याने बिळात ओढला, आणि हरिचंद्राच्या पणजीने खेकडे धरायला बिळात हात घातला तो हिऱ्यासकट बाहेर काढला. तेव्हापासून तो या घरात आहे, तांदळाच्या कणगीच्या तळाशी, आणि ज्या घरात बादशहाचा हिरा कणगीत पडून असतो त्या घरची लेक तुमच्याकडे येते आहे, तेव्हा व्याह्यांनी जरा जपून चालावं.

बायका लोटपोट झाल्या. धवल्यात असं असतंच. प्रत्येक नवरीच्या घरी सोन्याचा झोपाळा असतो, मोत्यांची रांगोळी असते. गाणं संपतं, झोपाळा जागचा जागी राहतो, लोक जेवायला बसतात.

महिपतीशेठ मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"ईहीन," मुलीकडची म्हणून ठमाबाईलाही विहीण करून ते म्हणाले, "ते खरं हाय?"

"मांडवान मी खोटा गाताव?" ठमाबाई फणकारली.

"नाय नाय. तेच बोलतंय मी." शेठ सगळ्यांकडे वळले. "माझे आजीचं लगीन धवलारनीनं लावलेलं. धवलारीन मांडवान खोटं गात नाय. आपला इस्वास हाय साईं. हरिचंद्र, हिरा दाखवा."

हरिचंद्राला वाटलं व्याही गंमत करतात, म्हणून तो हसला. शेठना वाटलं हा टाळतोय. "मना नको हिरा. देवाशपथ नको. आपला हुंडाबिंडा काय नाय. फकत दाखवा."

संध्याकाळपर्यंत बातमी शेठच्या आधी अंबरनाथला पोचली. तिथून पुढे शेठनी स्वतःच ती पोचवली. उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांच्या ओळखीचा एक सिंधी नकली दागिन्यांचा दुकानदार होता, त्याला जाऊन त्यांनी विचारलं, अर्ध्या अंड्याएवढा हिरा असू शकतो का. तो म्हणाला, "साईं, एक बार दिखा दो, वैसे सौ बना के दूँगा." शेठना एवढी खात्री पुरे झाली. त्यांनी साऱ्या पाहुण्यांना सांगून टाकलं, की उद्या मांडवात बादशाही हिरा बघायला मिळणार. आणि एकदा सांगून बसल्यावर त्यांचं नाक त्या हिऱ्यात अडकलं. रात्री जेवायच्या आधीच शिरगावात निरोप आला. हिरा दाखवला नाही तर याचा अर्थ मुलीकडचे आमच्यापासून लपवतात, आणि जे आत्ताच लपवतात त्यांच्या दारात वरात आणायची की नाही, याचा विचार करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई अंबरनाथ पश्चिमेला कर्णिकबाईंच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. पायातल्या चपला तिने जिन्याखालीच काढून ठेवल्या होत्या.

"हरिचंद्राचे घरान रडारड हाय," ती बसायच्या आधीच म्हणाली. "त्याचा चुलता बोलतंय, ठमे, तू जाऊन सांग का मी खोटा गायलू. पोरीचा लगीन मोरलं तं तुना परत कुठले मांडवान उभी नाय करनार."

"मग?"

"मंग काय? तसा बोलली तं मी धवलारीनच नाय र्‍हात. नि नाय बोलली तं पोरगी घरान र्‍हाते."

"हरिचंद्र काय म्हणतो?"

"तो उल्हासनगरला निंगालेला. काचेचा दगर आनतंय बोलला. मी गारी अरवली त्याची. मांडवान देव बसवलेलं नि त्यांचे म्होरं काच ठेवू? मी गायलू तो खरा हिरा हाय." तिने पदर सावरला. "म्हंजे खरा हिरा मी गायलू."

कर्णिकबाईंना हसू येत होतं, पण पुरतं हसवत नव्हतं. काल त्या घरी निघाल्या तेव्हा वनिता त्यांच्या कानात म्हणाली होती, "बाई, तुमचा इतिहास माझ्या लग्नाच्या आडवा आला हो." ती थट्टेने म्हणाली होती, पण आवाज थट्टेचा नव्हता.

बाईंनी चहा टाकला. ठमाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"मना येक सांग, मास्तरीनबाय. तू त्या दिशी घंटा झायली तशी थांबलीस. हिऱ्याचा आनखी काय झायला नाय? नजर केला, बघितला, लुटला. यवराच?"

"आधीचं एक राहिलंच," बाई म्हणाल्या. "तो खाणीतून निघाला तेव्हा खूपच मोठा होता. अर्ध्या अंड्याएवढा झाला तो नंतर. बादशहाने पैलू पाडायला एक परदेशी कारागीर ठेवला, व्हेनिसचा. त्याने पैलू पाडायच्या ऐवजी हिरा घासतच नेला. घासून घासून निम्म्याहून जास्त वाया घालवला."

"झिजवला?"

"झिजवला. आणि बादशहा इतका संतापला, की मजुरी द्यायची सोडून त्याने कारागिरालाच दंड केला. होतं नव्हतं ते काढून घेतलं म्हणतात."

ठमाबाईने चहाच्या कपात एकदा फुंकर घातली. मग तिच्या डोळ्यांच्या कडा हळूहळू आकसू लागल्या. बाईंनी कप खाली ठेवला.

"ठमाबाई, काय करणार आहात तुम्ही?"

"काय नाय," ठमाबाई म्हणाली. "पुढं गानार."

तिने शिरगावातून निरोप धाडला, की हिरा मांडवात येईल, शेठनी वरात आणावी.

वरात आली. मागच्या कोणत्याही लग्नात आली नसेल एवढी माणसं आली, कारण अर्धी लग्नाला आणि अर्धी हिऱ्याला आली होती. महिपतीशेठ करड्या सफारीत पुढे. हरिचंद्राचा चेहरा पाहवत नव्हता. तो सारखा कणगीकडे बघायचा, जणू खरंच तिथे काही असेल. शिवराम बिचारा मुंडावळ्यांच्या आडून वनिताला शोधत होता. त्या मांडवात हिऱ्याशी देणंघेणं नसलेला तो एकटाच.

शेठ खुर्चीवर टेकले न टेकले तोच म्हणाले, "ईहीन, हिरा?"

"आनलाय," ठमाबाई म्हणाली, आणि जात्याजवळ बसून तिने सूर लावला.

"हिरा आनला मांडवान गो, अर्धे अंड्यायेवरा,
दाखव बोलला पयल्यांदी गो, झायला बोरायेवरा..."

शेठच्या कपाळाला आठी पडली.

"दाखव बोलला दुसऱ्यांदी गो, झायला वालायेवरा,
दाखव धारला निरोप गो, झायला तांदलायेवरा..."

बायकांच्या हळूहळू ध्यानात येऊ लागलं. मागच्या ओळी त्याच उचलू लागल्या. ठमाबाईने दिल्लीचा कारागीर मांडवात आणला. असा कारागीर, की ज्याला हिरा नुसता असून चालत नाही, हात लावून बघावाच लागतो. तो घासतो आणि विचारतो, विचारतो आणि घासतो. कालपासून कोणी कोणी किती वेळा 'फकत दाखवा' म्हटलं, ते तिने एकही न गाळता गायलं. प्रत्येक 'दाखवा'ला हिरा थोडा झिजला. बोराएवढा, वालाएवढा, तांदळाएवढा, कणीएवढा. शेवटी तिने मूठ उघडून शेठच्या दिशेने फुंकर मारली.

"कारागीर कोन तो गो? अंबरनाथचा व्याही,
बादशाचा हिरा झिजवला गो, उरला काय नाही..."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग पाठोपाठ सगळेच. शेठ उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "ए ईहीन! हे काय गातेस? खोटं हाय हे!"

"शेठ," ठमाबाई गोडीने म्हणाली, "काल तूच बोललास ना सगल्यांचे म्होरं. धवलारीन मांडवान खोटं गात नाय. आज गाते?"

शेठ काल तसं म्हणाले होते. आजीच्या लग्नाचा दाखला देऊन म्हणाले होते. ते त्यांच्या माणसांनी ऐकलं होतं, आणि ती माणसं आत्ता त्यांच्याकडेच पाहत होती. आज धवला खोटा म्हणावा, तर कालचा हिराही खोटा. मग एवढ्या पाहुण्यांना त्यांनी काय म्हणून गोळा केलं? आणि आजचा धवला खरा म्हणावा, तर हिरा होता, खरा होता, बादशाही होता. फक्त आता नाही. कर्णिकबाईंना त्यांच्या चेहऱ्यावर हा हिशेब चाललेला स्पष्ट दिसला. एका बाजूला आयुष्यभराचं हसं, दुसऱ्या बाजूला हिऱ्याशी नातं.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "हिरा ओरिजनल व्हता?"

"येकदम," ठमाबाई म्हणाली.

"माझे हातून झिजला?"

"तुझेच. दुसऱ्याची काय टाप?"

शेठ खाली बसले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मग आता?"

"बादशा दंड करतंय," ठमाबाई म्हणाली, आणि जात्यावर थाप मारली. "झिजवला त्याने दलावा."

ईहीनबायांच्या कल्लोळात काय ठरलं ते कोणालाच कळलं नाही, पण पुढच्या क्षणी महिपतीशेठ सफारीच्या बाह्या सारून जात्याशी बसले होते. पाय कसे घ्यावेत ते त्यांना कळेना. मग त्यांनी खुंटा धरला आणि जातं उलटं फिरवलं. "ओ साईं, उलटा, उलटा!" असं त्यांच्याच टेंपोचा ड्रायव्हर मागून ओरडला. हळदीच्या गाठी फुटल्या, सफारी पिवळी झाली. शेठना मात्र हळूहळू रंग चढला. एका बाजूने ठमाबाई गात होती, दुसऱ्या बाजूने ते स्वतःच पाहुण्यांना सांगत होते, "होता हो. अर्धे अंड्यायेवरा. आपल्याच हाताने गेला." वनिता आणि शिवराम एकमेकांशेजारी उभे होते. त्यांच्यावर अक्षता पडल्या, त्याही शेठचं दळण चालू असतानाच.

त्यानंतर उल्हासनगरच्या बाजारात बरीच वर्षं असं ऐकू यायचं, की दिल्लीच्या बादशहाचा हिरा ज्याने झिजवला तो कारागीर अंबरनाथचाच एक आगरी होता. ऐकणाऱ्याने शंका काढली तर महिपतीशेठ आपल्या घराण्याचा दाखला द्यायचे. कर्णिकबाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या ठमाबाईला म्हणाल्या, की हे काही बरोबर नाही, कारागीर व्हेनिसचा होता, हे लिहिलेलं आहे.

"तुझा हिरा तुझे शालेन, माझा माझे मांडवान," ठमाबाई चिंचा निवडत म्हणाली. "तुझाही हरवला, माझाही झिजला. कंला भांडतंय?"

त्या लग्नाने तिचं एक मात्र भलं झालं. हरिचंद्राच्या चुलत्याची धमकी हवेत विरली आणि अंबरनाथकडची बोलावणीही तिला येऊ लागली. कर्णिकबाई निवृत्त झाल्या, शाळेच्या कुंपणाशी येणारी खाचरं बिल्डरांना गेली, शिरगावात इमारती उभ्या राहिल्या आणि लग्नं हॉलमध्ये लागू लागली. काही घरांनी भटजी बोलावले, काहींनी भटजी आणि ठमाबाई, दोन्ही.

ठमाबाईचं वय आता ऐंशीच्या घरात आहे. ती अजून धवले गाते. फक्त जिना चढावा लागेल अशा हॉलचं आवतण घेत नाही.